उद्योगसंस्थेचे नाव व तिची नोंद : काही ग्रंथालयीन साधने

व्यवसायभाषेवर प्रबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी शब्द परिश्रमपूर्वक गोळा करतो. परंतु ज्या उद्योगसंस्थेतून ते शब्द मिळविले तिचा इतिहास तो प्रस्तावनेतील दोन वाक्यांत उरकतो, आणि ती दोन वाक्येही बहुधा संस्थेनेच छापलेल्या माहितीपत्रकातून आलेली असतात. जुन्या पोथीची भाषा अभ्यासताना प्रत कोणाची, लेखनकाल कोणता, लेखक कोण, याची आपण कसून चौकशी करतो. एखादा पारिभाषिक शब्द कारखान्यात केव्हा रूढ झाला हे सांगावयाचे असेल, तर कारखान्याचा काळही तितक्याच कसोशीने ठरविला पाहिजे. ज्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाची दप्तरे आहेत तेथे ही शिस्त नवी नाही. ती उद्योगांच्या कागदपत्रांस लावण्याची सवय मात्र आपणांस अद्याप झालेली नाही.

प्रस्तुत लेखात ‘किर्लोस्कर’ हे एकच नाव घेऊन अशा साधनांचा विचार केला आहे. किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीच्या वार्षिक अहवालांवर दीर्घ काळ टिळक रस्त्यावरील ‘उद्योग भवन’ हा पत्ता छापला जाई. म्हणजे ती आपल्या शेजारची. शिवाय या एका नावाखाली ग्रंथालयाच्या सूचीत फार निरनिराळ्या वस्तू एकत्र येतात. अण्णासाहेबांची १८८० सालची नाटक मंडळी तेथे आहे, लक्ष्मणरावांचे कारखाने आहेत आणि शंकररावांनी संपादिलेले मासिकही आहे. हे मासिक १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने, कारखान्याचे वृत्तपत्रक म्हणून निघाले. १९२९ पासून ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. सूचीत नंतरच्या नावाखालीच शोधणाऱ्याच्या हाती पहिली नऊ वर्षे लागण्याची शाश्वती नाही. आणि कारखान्याची भाषा पाहावयाची तर तीच वर्षे अधिक मोलाची.

आता ‘किर्लोस्कर उद्योग केव्हा स्थापन झाला?’ हा साधा वाटणारा प्रश्न घ्या. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले ते १८८८ साली. औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली ती १९१० साली. किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली ती १९२० साली. तिन्ही साले खरी आहेत, परंतु ती एकाच प्रश्नाची उत्तरे नव्हेत. माहितीपत्रक स्वाभाविकपणे सर्वांत जुने साल घेते आणि कंपनी-निबंधकाची नोंद शेवटचे. अभ्यासकाने कोणते घ्यावे हे त्याच्या विषयावर अवलंबून आहे. मात्र घेतलेले साल कशाचे, हे त्याने लिहिलेच पाहिजे.

या बाबतीत कंपनीचा नोंदणी क्रमांक फार उपयोगी पडतो. तो एकवीस स्थानांचा असून एखाद्या सामासिक पदाप्रमाणे त्याचा विग्रह करता येतो. पहिले अक्षर कंपनीचे भाग शेअर बाजारात नोंदलेले आहेत की नाहीत हे सांगते. पुढील पाच अंक उद्योगाच्या वर्गाचे, मग दोन अक्षरे प्रदेशाची, चार अंक नोंदणीच्या सालाचे, तीन अक्षरे कंपनीच्या प्रकाराची आणि शेवटी सहा अंकी अनुक्रम. किर्लोस्कर ब्रदर्सच्या क्रमांकात पुण्याची ‘पीएन’ ही अक्षरे व १९२० हे साल सरळ वाचता येते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे मात्र तसे नाही. तिचा आरंभ १९४६ चा म्हणून आपण जाणतो, आणि आज ते नाव धारण करणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात साल आहे २००९. याचे कारण असे की, २०१० मध्ये पूर्ण झालेल्या पुनर्रचनेत इंजिनांचा व्यवसाय एका नव्या कंपनीकडे गेला; नव्या कंपनीने जुने नाव घेतले आणि जुनी कंपनी ‘किर्लोस्कर इंडस्ट्रीज’ झाली. म्हणजे १९८५ सालच्या अहवालावरील नाव आणि २०१५ सालच्या अहवालावरील नाव अक्षरशः एकच असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन व्यक्ती होत. नाव आणि नामी यांचा भेद आपण वर्गात शिकवितो. त्याचे याहून नेटके उदाहरण मला ठाऊक नाही.

हा भेद केवळ पंडिती आहे असे कोणी समजू नये. जुलै २०२१ मध्ये किर्लोस्कर नावाच्या काही कंपन्यांनी नवे बोधचिन्ह जाहीर करताना १३० वर्षांच्या वारशाचा उल्लेख केला, तेव्हा किर्लोस्कर ब्रदर्सने त्यास जाहीर हरकत घेतली व दुसऱ्या पक्षाने ती फेटाळली. वारसा कोणाचा याचा निवाडा करणे आपले काम नव्हे. परंतु प्रबंधात ‘किर्लोस्करांनी १८८८ पासून’ असे वाक्य लिहिणारा विद्यार्थी नकळत त्या वादात एक बाजू घेत असतो.

क्रमांकातील वर्गाचे अंकही सावधपणे वाचावे लागतात. किर्लोस्कर ब्रदर्सच्या बाबतीत ते २९ ने सुरू होतात. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या १९९८ व २००४ च्या आवृत्त्यांत २९ हा विभाग यंत्रसामग्रीचा होता. २००८ च्या आवृत्तीत यंत्रसामग्री २८ मध्ये गेली आणि २९ मोटारगाड्यांना मिळाला. नव्या कोष्टकाने जुना क्रमांक वाचणारा पंप बनविणाऱ्या कंपनीस मोटारींच्या कारखान्यांत नेऊन बसवील. कोश कोणत्या आवृत्तीचा, हे पाहिल्यावाचून आपण व्युत्पत्ती देत नाही; येथेही तोच न्याय.

छापील साधनांत निर्देशिका सर्वांत सोयीच्या. मद्रासची कोठारी निर्देशिका, टाइम्स ऑफ इंडियाची वार्षिक निर्देशिका, यांचे जुने खंड मोठ्या ग्रंथालयांतून आढळतात. अशा ग्रंथांतील मजकूर बव्हंशी कंपन्यांनीच पुरविलेला असतो, म्हणून एकटा खंड पुरावा म्हणून दुबळा ठरतो. लागोपाठच्या वर्षांचे खंड शेजारी ठेवले म्हणजे पत्ता, संचालक व उत्पादने केव्हा बदलली ते दिसू लागते. गोखले संस्थेचे ग्रंथालय या कामी पुण्यात अग्रगण्य होय. धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी तेथे अवश्य पाहावी. मात्र तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला असला तरी पाहणी १९३६-३७ ची आहे, आणि मध्ये महायुद्ध येऊन गेले होते. १९३४ साली स्थापन झालेल्या मराठा चेंबरचे ‘संपदा’ हे मासिक मराठीत असल्याने भाषेच्या अभ्यासकास दुहेरी उपयोगाचे आहे.

आतापर्यंत सांगितले ते नोंदलेल्या कंपन्यांविषयी. सदाशिव पेठेतील छापखाने, प्रकाशनगृहे व दुकाने यांपैकी पुष्कळ एकमालकीची किंवा भागीदारीची; त्यांची नोंद कंपनी-निबंधकाकडे सापडणार नाही. पाटीवरील ‘आणि कंपनी’ या शब्दांनी फसू नये. मराठीत ‘कंपनी’ हा शब्द कायद्याच्या अर्थाने क्वचितच स्थिरावला. नाटक कंपनी ही कंपनीच, आणि १९२९ साली कोल्हापुरात निघून १९३३ साली पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी ही वस्तुतः भागीदारी होती. भागीदारीची नोंद १९३२ च्या कायद्याप्रमाणे होते, पण ती ऐच्छिक आहे. अशा वेळी छापखान्यांपुरते तरी एक साधन आपल्या हाताशी आहे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले होते. २०२३ च्या नव्या कायद्यात पुस्तकांचा समावेश नाही. परंतु तत्पूर्वीच्या दीड शतकाच्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागील त्या दोन ओळी सालवार उतरून घेतल्या, तर कोणता छापखाना कोणत्या वाड्यातून कोणत्या वाड्यात गेला व मालकाचे नाव केव्हा पालटले याचा तक्ता महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या ग्रंथालयात बसूनही तयार करता येईल.