मोटारीचे परवाने आणि शेतकरी

उसाचा हंगाम सुरू झाला, कीं ट्रॅक्टर शेताचा बांध ओलांडून सडकेवर येतो. यंत्राच्या तेलपाण्याची काळजी वाहणारे आमचे बांधव चालकाच्या परवान्याविषयीं मात्र बेफिकीर असतात, म्हणून हें लिहीत आहों.

१९८८ च्या मोटारवाहन कायद्यानें परवान्यांच्या जाती ठरविल्या आहेत. दुचाकींच्या सोडल्यास शेतकऱ्याचा संबंध मुख्यतः दोहोंशीं येतो: हलकें वाहन व वाहतुकीचें वाहन. पूर्वीं माल व उतारू यांच्या मोटारींचे मध्यम आणि जड असे चार भाग होते. १९९४ सालीं ते मोडून ही दुसरी जात करण्यांत आली. रिकाम्या ट्रॅक्टरचें वजन ७५०० किलोपर्यंत असेल, तर तो हलक्या वाहनांतच मोडतो.

घोटाळा होतो तो ट्रॉली जोडल्यावर. माल भरला म्हणून ट्रॅक्टरचालकाचा परवाना निरुपयोगी ठरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं म्हटलें. भाजीपाल्याच्या टेंपोचा वाद त्याहून लांबला. २०१७ चा निकाल चालकांच्या बाजूचा होता, तरी विमा कंपन्यांनीं तो प्रश्न पुन्हा उपस्थित केला. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं पांच न्यायाधीशांनीं निर्णय दिला, कीं मालासकट ७५०० किलोपर्यंतच्या वाहनास हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे. येथें वजन मालासकट धरावयाचें, हें विसरूं नये. त्यावरील मालमोटारीस दुसरा परवाना हवा. त्यासाठीं वय २० वर्षे पुरें लागतें, हलक्या वाहनाचा परवाना एक वर्षाचा जुना लागतो, आणि तो दर पांच वर्षांनीं नवा करून घ्यावा लागतो.

नोकरापाशीं योग्य परवाना नसतां त्याच्या हातीं वाहन देणें हा मालकाचाही अपराध होय. दंडाचें एक असो. पण अपघातांत कोणी दगावल्यास विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करूं शकते, आणि ती फेडतांना जमीन विकण्याची पाळी येऊं शकते. अठरा वर्षांखालील मुलास चाकावर बसविण्याची हौस तर याहून महाग पडते: २०१९ च्या दुरुस्तीनें पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे.

ऊसतोडीपूर्वीं चालकाचा परवाना मागून घ्यावा व त्यावरील जात आणि मुदत स्वतः वाचून पाहावी.