‘मूठ’ : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

संस्कृत ‘मुष्टि’, प्राकृत ‘मुट्ठि’ आणि मराठी ‘मूठ’ असा या शब्दाचा प्रवास आहे. हिंदीत वळलेल्या हाताला ‘मुट्ठी’ आणि शस्त्राच्या धरावयाच्या भागाला ‘मूठ’ म्हणतात. मराठीत मात्र हात, तलवारीचा तो भाग आणि हातात मावणारे माप या तिन्हींसाठी एकच शब्द चालतो. त्यामुळे धरणारा, धरण्याची जागा आणि धरलेली वस्तू यांतील सीमारेषा मराठीत पुसट होते. लक्ष्यार्थांची विविधता समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

‘मुठीत ठेवणे’ म्हणजे दुसऱ्यास पूर्णतः ताब्यात ठेवणे. येथे सत्ता मूठ वळणाऱ्याची असते. ‘मूठ दाबणे’ म्हणजे लाच देणे. येथे मूठ घेणाऱ्याची असली, तरी सत्ता ती दाबणाऱ्याकडे सरकते. ‘जीव मुठीत धरणे’ या प्रयोगात तर धरणाराच भयग्रस्त असतो. पकड असते, सत्ता नसते.

कृषिव्यवहारातील अर्थ याहून निराळा आहे. तिफणीने पेरताना चाड्यावर मूठ धरणारा बियाणे आवळून ठेवत नाही, ते बोटांतून बेताने सोडतो. मूठ आवळली तर पेर विरळ होते आणि सैल सुटली तर दाट होते. नियंत्रण म्हणजे आवळणे, हे समीकरण येथे टिकत नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण हिंदीतील ‘बँधी मुट्ठी लाख की’ या म्हणीच्या जवळची आहे. तथापि हिंदी शब्दयोजनेत भर बांधण्यावर, तर मराठीत झाकण्यावर आहे. मुठीत काय आहे यापेक्षा पाहणाऱ्याच्या तर्कावर ताबा ठेवणे मराठी म्हणीत महत्त्वाचे ठरते.

अनुवादात हा भेद निर्णायक ठरतो. ‘जीव मुठीत धरून’ याचे हिंदीत ‘जान हथेली पर लेकर’ असे रूपांतर केल्यास भीतीचे धाडस होते, कारण मराठीतील ‘तळहातावर शिर घेणे’ याप्रमाणेच हिंदीतही उघडा तळवा प्राणार्पणाची तयारी सुचवतो. पळणारे पात्र लढणारे होऊन बसते. म्हणून ‘मूठ’ या शब्दाचा पर्याय शोधण्यापूर्वी ती कोणाची, तिच्यात काय आहे आणि ती कोणापुढे मिटली आहे, हे अनुवादकाने पाहणे आवश्यक आहे.