वर्तुळाचे समीकरण : अंतरावरून ठिकाण शोधणारे गणित

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली आणि सुमारे १० हजार लोक मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी मदतयंत्रणेपुढचा पहिला प्रश्न असतो तो हादऱ्याचे मूळ नेमके कोठे आहे, हा. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे एक मूलभूत साधन अकरावीच्या गणितात शिकवले जाते. ते म्हणजे वर्तुळाचे समीकरण.

वर्तुळाची व्याख्या एका वाक्यात सांगता येते. एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या प्रतलातील सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ. स्थिर बिंदू हे त्याचे केंद्र आणि समान अंतर ही त्याची त्रिज्या. निर्देशक भूमितीत हीच व्याख्या संख्यांच्या भाषेत मांडली जाते. प्रतलावर एकमेकांना लंब असे दोन अक्ष आखले की प्रत्येक बिंदूला क्ष आणि य असे दोन निर्देशक मिळतात. फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त यांचा १६३७ मध्ये प्रसिद्ध झालेला भूमितीवरील ग्रंथ हा या पद्धतीचा पाया मानला जातो.

केंद्राचे निर्देशक (अ, ब) आणि त्रिज्या त्र मानली, तर वर्तुळावरील कोणताही बिंदू (क्ष, य) केंद्रापासून आडव्या दिशेने क्ष − अ आणि उभ्या दिशेने य − ब इतका दूर असतो. या दोन बाजूंनी काटकोन त्रिकोण तयार होतो आणि त्रिज्या हा त्याचा कर्ण ठरतो. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णासाठी सांगितलेला आणि पुढे पायथागोरसच्या नावाने परिचित झालेला नियम येथे लागू केला की समीकरण मिळते :

(क्ष − अ)² + (य − ब)² = त्र²

समीकरणाचा अर्थ इतकाच की, केंद्रापासूनचे अंतर त्र आहे. जो बिंदू या अटीची पूर्तता करतो तो वर्तुळावर असतो. डावी बाजू त्र² पेक्षा कमी आली तर बिंदू वर्तुळाच्या आत असतो, अधिक आली तर बाहेर.

भूकंपमापन केंद्रावरील नोंदीचा या समीकरणाशी थेट संबंध आहे. भूकंपातून निघणाऱ्या प्राथमिक लहरी वेगवान असतात, तर दुय्यम लहरी त्यांच्या मागून पोहोचतात. जवळच्या भूकंपांच्या बाबतीत या दोन लहरींच्या आगमनातील प्रत्येक सेकंदाचा फरक ढोबळमानाने ८ किलोमीटर अंतर दर्शवतो. फरक साडेबारा सेकंदांचा असेल, तर भूकंप केंद्रापासून सुमारे १०० किलोमीटरवर झाला. परंतु तो कोणत्या दिशेला झाला, हे केवळ या फरकावरून समजत नाही. म्हणजेच एका नोंदीतून ठिकाण मिळत नाही, वर्तुळ मिळते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. पहिले मापन केंद्र (०, ०) येथे असून भूकंपाचे अंतर १०० किलोमीटर आहे. दुसरे केंद्र (२१०, ०) येथे असून अंतर १७० किलोमीटर आहे. दोन वर्तुळांची समीकरणे अशी होतील :

क्ष² + य² = १००००
(क्ष − २१०)² + य² = २८९००

पहिल्यातून दुसरे वजा केले की दोन्ही वर्गपदे निघून जातात आणि ४२०क्ष = २५२०० उरते. म्हणून क्ष = ६०. ही किंमत पहिल्या समीकरणात घातल्यास य² = ६४००, म्हणजे य = ८० किंवा −८०. दोन वर्तुळे दोन बिंदूंत छेदतात, त्यामुळे शक्यताही दोनच राहतात. मात्र या दोन ठिकाणांमध्ये १६० किलोमीटरचे अंतर आहे. चुकीच्या ठिकाणाकडे निघालेले पथक ढिगाऱ्याखालील माणसांपर्यंत वेळेत पोहोचणार नाही.

निर्णय तिसरे केंद्र देते. ते (०, १२५) येथे असून अंतर ७५ किलोमीटर असेल, तर (६०, ८०) या बिंदूसाठी ६०² + ४५² = ५६२५, म्हणजेच ७५². (६०, −८०) हा बिंदू मात्र या कसोटीला उतरत नाही. भूकंपाचे ठिकाण (६०, ८०) हे निश्चित होते.

विद्यार्थ्यांची सर्वाधिक चूक चिन्हात होते. (क्ष − २१०)² पाहून केंद्राचा क्ष निर्देशक −२१० मानला जातो. प्रत्यक्षात तो २१० असतो, कारण कंसातील राशी शून्य होते ती क्ष = २१० असताना. वरील उदाहरणात एवढ्या चुकीने मापन केंद्र ४२० किलोमीटर सरकेल. समीकरण विस्तारित रूपात, म्हणजे क्ष² + य² − ४२०क्ष + १५२०० = ० असे दिलेले असल्यास क्षच्या सहगुणकाची निम्मी किंमत घेऊन तिचे चिन्ह बदलावे. पुन्हा २१० मिळते. त्रिज्येचा वर्ग २१०² − १५२००, म्हणजे २८९०० येतो.

प्रत्यक्षातील गणित याहून गुंतागुंतीचे असते. भूकंप भूगर्भात काही खोलीवर होतो, लहरींचा वेग खडकांनुसार बदलतो आणि मोजणीत त्रुटी राहतात. त्यामुळे तीन वर्तुळे एका बिंदूत न मिळता लहानसे क्षेत्र दर्शवतात. म्हणून संगणकाच्या साहाय्याने अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र करून सर्वांशी अधिकाधिक जुळणारे ठिकाण आणि खोली ठरवली जाते. भारतात राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र हे कार्य करते. ‘नाविक’सारख्या उपग्रहाधारित स्थाननिश्चितीतही हेच तत्त्व वापरले जाते. तेथे वर्तुळाची जागा गोल घेतो आणि समीकरणात तिसऱ्या निर्देशकाचा वर्ग वाढतो.

एका अंतरातून ठिकाण कळत नाही, मात्र ते कोणत्या वर्तुळावर आहे हे निश्चित होते. अशी तीन समीकरणे एकत्र आली की त्यांतून एक जागा हाती लागते आणि मदतीला दिशा मिळते.