छळाच्या काळांतील प्रार्थना



छळ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. सासूनें सुनेचा छळ केला, साहेबानें कारकुनाचा छळ केला, डांसांनीं रात्रभर छळलें, असें आपण एकाच दमांत बोलून जातों. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत मात्र या शब्दाला एक नेमका अर्थ आहे. श्रद्धा सोडीत नाहीं, एवढ्याच कारणासाठीं मनुष्याला जें सोसावें लागतें तो छळ. असा छळ वांट्यास आला असतां, किंवा भोंवतालचें जग युद्धानें, दुष्काळानें, रोगराईनें ढवळून निघालें असतां ख्रिस्ती मनुष्य प्रार्थना करतो, ती कशासाठीं? संकट टळावें म्हणून, असें उत्तर कोणीहि देईल. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. गेथशेमानेच्या बागेंत येशूनें प्रथम तेंच मागितलें, आणि तें त्याला मिळालें नाहीं. मग उरलेली प्रार्थना कशाची? ती विवेकाची. समोर आलेल्या गोष्टींत देवाचें काय आणि माणसाचें काय, आपल्या मनांत उठलेली ऊर्मि श्रद्धेची, भीतीची कीं नुसत्या हट्टाची, हें निवडून घेण्याची ती प्रार्थना.

ही निवड किती बारीक असते, याचें एक जुनें उदाहरण सांगतों. आजच्या तुर्कस्तानांत इझमीर नांवाचें बंदर आहे. प्राचीन काळीं त्याला स्मर्ना म्हणत. सुमारें १५५ सालीं तेथील रोमन अधिकारी ख्रिस्ती लोकांस पकडून श्वापदांपुढें सोडीत असत. फ्रिजिया प्रांतांतून आलेला क्विंटस नांवाचा एक मनुष्य उत्साहाच्या भरांत आपण होऊन पुढें झाला आणि आणखी कांहीं जणांसहि त्यानें भरीस घातलें. पण श्वापदें दृष्टीस पडतांच त्याचा धीर सुटला आणि त्यानें रोमन देवतांना आहुति दिली. तेथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याचें वर्तन अगदीं निराळें. मित्रांनीं आग्रह केला तेव्हां तो शहराबाहेरच्या एका मळ्यांत जाऊन राहिला. शोध जवळ आला तेव्हां दुसऱ्या मळ्यांत गेला. तेथेंहि शिपाई येऊन पोहोंचले, तेव्हां मात्र तो पळाला नाहीं. पकडावयास आलेल्यांपुढें त्यानें अन्न वाढावयास सांगितलें आणि प्रार्थनेसाठीं तासभर अवधि मागून घेतला. त्या तासाचे दोन तास झाले. उभ्या जन्मांत भेटलेल्या लहानथोर सर्वांची आठवण त्यानें त्या प्रार्थनेंत केली, असें स्मर्नाच्या मंडळीनें लिहून ठेविलें आहे. त्याच पत्रांत मंडळीनें हेंहि स्पष्ट म्हटलें आहे, कीं जे आपण होऊन मरणाच्या हवालीं होतात त्यांची आम्ही स्तुति करीत नाहीं.

पॉलिकार्पाच्या शौर्याविषयीं पुष्कळ बोललें जातें. मला त्याचे ते दोन मळे अधिक बोलके वाटतात. केव्हां बाजूस व्हावें आणि केव्हां जागा सोडूं नये, हें त्याला उमगलें होतें.

आतां आपल्या नागपूरकडे वळूं. येथें सिंह नव्हते. येथील छळ घराच्या उंबरठ्यावरचा होता आणि म्हणूनच तो ओळखावयास कठीण. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जाणाऱ्या आगगाडींत नारायण वामन टिळक बसले होते. नागपुरांत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम त्यांनीं केलें होतें. कवि म्हणून त्यांचें नांव होऊं लागलें होतें. डब्यांत एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर बोलणें निघालें, तें धर्मावर आलें आणि निरोप घेतांना त्या गृहस्थानें त्यांच्या हातीं नव्या कराराची प्रत दिली. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेंहि तो म्हणाल्याचें सांगतात. टिळकांनीं तें पुस्तक वाचावयास घेतलें आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं त्यांचें मन गुंतलें. परंतु बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजीं, मुंबईस. मधला काळ वाचनाचा, वादाचा आणि प्रार्थनेचा होता.

हा मधला काळच मला महत्त्वाचा वाटतो. प्रतापनगरासारख्या वस्तींत राहणाऱ्या आपणां नागपूरकरांना दीक्षाभूमि कांहीं दूर नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराचा निश्चय येवल्यास १९३५ सालीं बोलून दाखविला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मध्यें एकवीस वर्षें गेलीं. धर्म निराळा, कारणें निराळीं, पण श्रद्धेचा निर्णय घाईनें करावयाचा नसतो, हें दोन्हीं ठिकाणीं दिसतें.

टिळकांना आप्तेष्टांनीं दूर लोटलें. पत्नी आणि मुलगा दुरावले. हा छळच. परंतु लक्ष्मीबाईंच्या बाजूनें पाहिलें म्हणजे चित्र पालटतें. धर्म बदलला पतीनें, आणि सधवा असून नवऱ्यावेगळें राहण्याची पाळी आली त्यांच्यावर. अशा वेळीं छळणारा कोण आणि छळलेला कोण, हें सांगणें सोपें नाहीं. लक्ष्मीबाईंनीं १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मकथनांत हें सारें इतक्या मोकळेपणें सांगितलें आहे कीं, कोणत्याहि धर्माच्या वाचकाला त्यांची बाजू समजावी.

त्या पुस्तकाच्या आरंभींची एक हकीकत आपल्या विषयाच्या अगदीं गाभ्याशीं येते. १८५७ च्या धामधुमींत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फांशीं देण्यांत आलें. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यांत सोंवळ्यानें ठाण मांडलें. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं, शिवाशिवीच्या भयानें घरांतल्या बायकामुलींना श्वास घेण्याची सोय नाहीं, असा तो प्रकार. बाहेरचें जग कोसळलें, तेव्हां त्या गृहस्थांनीं आपल्याभोंवतीं पाण्याची एक भिंत उभी केली. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. धामधुमीच्या काळीं पुष्कळ माणसें असेंच करतात, आणि धर्म ही त्या कामीं फार सोयीची माती आहे.

अशा घरांत वाढलेल्या लक्ष्मीबाई चारपांच वर्षांच्या ताटातुटीनंतर टिळकांकडे राहावयास आल्या, त्या आपलें सोंवळें बरोबर घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळें. टिळकांनीं जबरदस्ती केली नाहीं. मग एके दिवशीं विचार करतां करतां त्यांच्याच मनांत प्रश्न उभा राहिला: जात देवानें केली कीं माणसानें? पशुपक्ष्यांच्या जाती देवानें केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत तशी खूण कोठें आहे? उत्तर मिळालें आणि त्याच दिवसापासून कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास त्यांची हरकत उरली नाहीं. लक्षांत घ्या, तोंवर त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा पुढें १९०० सालीं झाला. पतीवरील प्रेमापोटीं त्यांनीं धर्म घेतला असें कोणी म्हणतात, तें मला पटत नाहीं. तसें असतें तर पांच वर्षें लागलीं नसतीं. वडिलांनीं भीतीनें आंखलेली रेघ मुलीनें विचारानें पुसली. ख्रिस्ती लोक ज्याला आत्म्यांची पारख म्हणतात तिचें याहून घरगुती उदाहरण मला ठाऊक नाहीं.

याच काळीं पुण्यास पंडिता रमाबाई दुहेरी विरोधांत सांपडल्या होत्या. १८८३ सालीं इंग्लंडांत वॉंटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. शारदा सदनांतील कांहीं मुली त्यांच्या प्रार्थनेस येऊन बसतात, यावरून १८९३ सालीं मोठें वादळ उठलें आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनीं सल्लागार मंडळ सोडलें. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं, ज्या इंग्रज भगिनींनीं त्यांना धर्माची वाट दाखविली त्यांनाहि रमाबाईंनीं पत्रांतून स्पष्ट बजावलें होतें: मी ख्रिस्ताची आज्ञा मानीन, पण धर्मगुरूंचा शब्द तो देवाचा शब्द, असें मानणार नाहीं. आपल्या माणसांचा राग सोसून घेतलेला धर्महि त्यांनीं डोळे मिटून घेतला नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या आपल्या या मध्यप्रांतांत आल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया बरोबर घेऊन गेल्या. केडगांवचें मुक्ति सदन त्यांतून वाढलें. स्वतःचे आईवडील त्यांनीं सोळाव्या वर्षीं उपासमारींतच गमावले होते. त्यांना दुष्काळ शिकवावा लागला नाहीं.

येथें एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. दुष्काळांत दिलेलें धान्य भुकेल्या माणसाला दिलें, कीं उद्यांच्या ख्रिस्ती माणसाला? १९५४ सालीं, नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी असतांना, तेथील सरकारनें माजी मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिति नेमली. १९५६ सालीं अहवाल आला आणि त्यांत आमिषांविषयीं कठोर शब्द होते. ख्रिस्ती समाजाला तो अन्यायाचा वाटला. त्यावर वाद घालण्यास भरपूर जागा आहे. घटनेच्या २५ व्या कलमानें सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य आणि धर्म सांगण्याचा हक्क दिला आहे. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं असें ठरविलें. परंतु विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला छळ म्हणणें हा ज्यांनीं खरोखर सोसलें त्यांचा अपमान आहे. प्रार्थनेला बसलेल्या ख्रिस्ती मनुष्यानें आरोप करणाऱ्यासाठीं प्रार्थना करावी, असें डोंगरावरील प्रवचन सांगतें. ती करतांना आरोपांत कांहीं तथ्य आहे काय, हेंहि त्यानें पाहावें, असें मी म्हणेन.

हें पाहावयाचें कसें? सोळाव्या शतकांतील स्पॅनिश शिपाई इग्नेशियस लोयोला यानें यावर फार व्यवहारी विचार केला आहे. १५२१ सालीं लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन् महिने अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो कधीं सरदारांच्या पराक्रमाच्या कल्पना करी, कधीं संतांचीं चरित्रें वाची. दोहोंतहि त्याला गोडी वाटे. पण पहिलीची गोडी ओसरली कीं मन कोरडें पडे, दुसरीची ओसरली तरी प्रसन्नता मागें राही. या मागें राहणाऱ्या चवीवरून त्यानें पारख शिकली. त्याच्या साधनेच्या पुस्तकास १५४८ सालीं पोपची मान्यता मिळाली. त्यांत एक नियम असा आहे कीं, मन उदास आणि अंधारलेलें असतां पूर्वीं शांतपणें केलेला निश्चय बदलूं नये. प्रार्थना थोडी वाढवावी, निश्चय मात्र तसाच ठेवावा.

जगाच्या उलथापालथीला हा नियम विशेष लागू पडतो. महायुद्ध, महामारी, भूकंप यांच्या बातम्या आल्या कीं शेवटचा दिवस जवळ आला असें गणित मांडणारे निघतात. अमेरिकेंत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरिली होती. कित्येकांनीं शेतें उभीं सोडलीं. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. युद्धें आणि युद्धांच्या आवया ऐकून घाबरूं नका, असें येशूनें शिष्यांना बजावलें होतें. त्या इशाऱ्यांतूनच तारखा काढणाऱ्यांचें मला नेहमीं नवल वाटतें. आतां तर बातम्या रात्रींअपरात्रीं हातांतल्या यंत्रावर येऊन पडतात, आणि प्रत्येक बातमी तात्काळ रागावण्याची मागणी करते.

आपल्याच काळांतली एक गोष्ट सांगून थांबतों. २२ जानेवारी १९९९ च्या रात्रीं ओडिशांतील मनोहरपूर येथें ग्रॅहॅम स्टेन्स हे त्यांच्या दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुलांसह गाडींत झोंपले असतां जमावानें गाडी पेटवून दिली. तिघेहि जळून मेले. ते बारिपदा येथें कुष्ठरोग्यांची सेवा करीत असत. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनीं मारणाऱ्यांना क्षमा केल्याचें जाहीर केलें. त्यांच्या क्षमेनें खटला थांबला नाहीं आणि त्यांनीं तो थांबवाहि म्हटलें नाहीं. मुख्य आरोपीला २००३ सालीं फांशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानें ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तीच कायम केली. क्षमा हें त्यांचें काम होतें, न्याय हें न्यायालयाचें. दोहोंची गल्लत त्यांनीं केली नाहीं. ग्लॅडिस आणि त्यांची वांचलेली मुलगी त्या घटनेनंतर लगेच ऑस्ट्रेलियास परत गेल्या नाहींत. कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचें काम चालवीत त्या २००४ पर्यंत बारिपद्यासच राहिल्या, आणि पतीच्या स्मरणार्थ तेथें एक रुग्णालय उभें करून मगच त्या निघाल्या.