तार पोहोचली, भाषा कधी पोहोचणार?

गोंडी बोलणारा समाज राज्यांच्या सीमांनी तोडला गेला. त्याला पुन्हा जोडण्याचं काम इंटरनेटने सुरू केलं, ते अक्षराच्या आधी आवाजाने.

भामरागड, आदिलाबाद, बस्तर, मंडला. नकाशावर ही चार राज्यांतली चार ठिकाणं आहेत. गोंड समाजासाठी मात्र तो एकच सलग मुलूख, जुना गोंडवाना. २०११च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा असल्याचं नोंदवलं. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा नाही. १९५६ आणि १९६० साली राज्यांच्या सीमा भाषेनुसार आखल्या गेल्या, पण गोंडीसाठी कुणी रेघ ओढली नाही. गडचिरोलीतलं मूल शाळेत मराठी शिकलं, आदिलाबादचं तेलुगू, बस्तरचं हिंदी. बोलीत त्या त्या भाषेचे शब्द मिसळत गेले. वेगवेगळ्या राज्यांतले दोन गोंड भेटले की अनेकदा हिंदीचा आधार घेऊ लागले.

अशा समाजाला इंटरनेट कसं जोडणार? आपलं नेहमीचं उत्तर तयार असतं: केबल टाका, टॉवर उभारा. २०११ साली मंजूर झालेली, आज ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाणारी योजना अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्यासाठीच आखली गेली. ते काम हवंच. पण फायबरमधून जे येतं ते बहुतांशी लिखित असतं आणि परक्या भाषेत असतं. ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याच्या भाषेत लिहिलेलंच काही नाही, त्याच्या दाराशी तार येऊन थांबते.

मिस्ड कॉलचं आकाशवाणी केंद्र

ही अडचण ओळखून छत्तीसगडमध्ये २०१० साली एक प्रयोग सुरू झाला, ‘सीजीनेट स्वर’. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी तो उभा केला आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे संशोधक बिल थीस यांनी तांत्रिक बाजू सांभाळली. साधा बटणांचा मोबाइल एवढंच त्यासाठी लागायचं. गावातल्या माणसाने एका क्रमांकावर फोन करायचा. निरोप सांगायचा असेल तर १ दाबायचा, इतरांचे ऐकायचे असतील तर २. पुढे मिस्ड कॉलची सोय झाली. संगणकच उलट फोन करू लागला आणि बोलण्याचा खर्च गावकऱ्याच्या माथी राहिला नाही.

निरोप नोंदवला की तो ध्वनिफीत होऊन इंटरनेटवरून संपादकांकडे जायचा. ते ऐकून खातरजमा करायचे, मग तो फोनवर आणि संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला व्हायचा. हातपंप बंद पडला आहे, रोजगार हमीची मजुरी थकली आहे, मास्तर शाळेत येत नाहीत, असे ते निरोप. बोलणारा अनेकदा संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबरही सांगायचा. शहरात बसून ऐकणारी अनोळखी माणसं त्या अधिकाऱ्याला फोन लावत. काम झालं की गावातून पुन्हा निरोप येई: पंप सुरू झाला, आभार.

या रचनेत इंटरनेट फक्त मधल्या टप्प्यावर आहे. एका टोकाला जंगलातल्या गावाचा साधा फोन, दुसऱ्या टोकाला कचेरीतला फोन. गावकऱ्याला ना टाइप करावं लागलं, ना अर्ज लिहून घ्यायला कुणाच्या पाया पडावं लागलं. तालुक्याच्या कचेरीत ज्याचं कुणी ऐकत नव्हतं, त्याच्या बाजूने दिल्ली-मुंबईचा माणूस बोलू लागला. अंतर आणि सामाजिक उतरंड या दोन्ही भिंती एकाच फोनने ओलांडल्या गेल्या. पुढे ‘बुल्टू रेडिओ’ आला. जिथे इंटरनेट होतं तिथे ध्वनिफिती उतरवून घ्यायच्या आणि ब्लूटूथवरून एका मोबाइलमधून दुसऱ्यात द्यायच्या. नेटवर्क नसलेल्या गावापर्यंतही आवाज गेला.

शब्द जुळवताना

आवाजाने दार उघडलं, तेव्हा दुसरा अडसर दिसला. ज्यांना हिंदी येत होती त्यांचं म्हणणं सहज पोहोचत होतं. फक्त गोंडी येणाऱ्याचं म्हणणं संपादकालाच कळेना, तर पुढे कसं जाणार? आणि गडचिरोलीची गोंडी आदिलाबादला पूर्ण उमगेल याचीही खात्री नव्हती. म्हणून २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी जाणकार एकत्र बसू लागले. एका अर्थाचे ठिकठिकाणचे शब्द समोर ठेवायचे, चर्चा करायची, सामाईक शब्द ठरवायचा. या बैठकांतून २०१८ साली प्रमाण गोंडी शब्दकोश तयार झाला.

त्याच सुमारास गोंडी लिपींनाही संगणकात जागा मिळाली. बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. आदिलाबाद भागातल्या गुंजाळा गावच्या जुन्या हस्तलिखितांतली लिपी २०१८ मध्ये आली. युनिकोड प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देतं, म्हणून एका यंत्रावर लिहिलेलं दुसऱ्यावर तसंच उमटतं. एका गावातून आलेला मजकूर दुसऱ्या गावात चौकोन आणि चिन्हं होऊन दिसण्याचा त्रास आपण मराठीतही भोगला आहे, त्यामुळे याचं मोल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पुढची जबाबदारी

दरी बुजली असं मात्र म्हणवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होतं. फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात असेल, तर भाषा आपली असूनही बाईचा आवाज घरातच राहतो.

२०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं अॅप आणलं. पहिल्या टप्प्यातल्या भाषांत संथाळी, भिली, मुंडारीबरोबर गोंडीही आहे. यंत्राला भाषा शिकवायची तर माणसांचे आवाज आणि वाक्यं लागतात. ती गोंडवानातल्याच लोकांनी द्यायची आहेत, म्हणून त्यांचा वापर कशासाठी व्हावा हे सांगण्याचा पहिला हक्कही त्यांचाच.

महाराष्ट्राने यात मागे राहू नये. गडचिरोलीत पुराचा इशारा, बाळंतिणीसाठीची मदत, वनहक्काच्या दाव्याची स्थिती हे सगळं फोनवर गोंडीत किंवा तिथल्या माडिया बोलीत ऐकता आलं पाहिजे आणि त्याच भाषेत उलट प्रश्नही विचारता आला पाहिजे. त्यासाठी नवा शोध लागायचा राहिलेला नाही. साध्या फोनवरून हे होतं, हे शेजारच्या राज्यातल्या प्रयोगाने २०१० मध्येच दाखवून दिलं आहे.