पिवळी सायकल आणि दोन चोर

जुम्याची नमाज संपून लोक बाहेर पडत होते, तेवढ्यात वजूखान्याजवळ गलका झाला. नववीतला एक मुलगा दुसऱ्याचा मोबाइल खिशात घालताना सापडला होता. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावातली ही गोष्ट. मोबाइल जुना, चार हजारांचाही नसेल. तो लगेच परत मिळाला. पण तोवर मुलाला पाच-सहा थपडा बसल्या होत्या आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. मगरिबपर्यंत तो गावातल्या प्रत्येक ग्रुपवर पोहोचला. मुलाच्या अम्मीने तो शेजारणीच्या मोबाइलवर पाहिला.

परवा 'सायकल' हा मराठी चित्रपट पाहताना हा मुलगा सारखा डोळ्यांसमोर येत होता. सिनेमा पाहावा की पाहू नये, यावर आपल्या घरांत एकमत नाही, आणि तो वाद मी इथे उकरून काढत नाही. प्रकाश कुंटे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१८ साली आला. आजी-नातवंडांनी एकत्र बसून पाहावा इतका तो स्वच्छ आहे. काळ जुना, कोकणातली लाल मातीची वाट. केशव नावाच्या माणसाचा एका पिवळ्या सायकलवर जीव आहे. ती त्याला आजोबांकडून मिळालेली. केशव ज्योतिषी आहे. ज्योतिष आपल्याला मान्य नाही, तेव्हा तेवढा भाग सोडून द्यावा. माणूस मात्र लाख मोलाचा, पंचक्रोशीत सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. हृषीकेश जोशी यांनी तो फार साधेपणाने उभा केला आहे.

गावात चोरी करून पळताना गज्या आणि मंग्या हे दोन भुरटे चोर नेमकी तीच सायकल घेऊन जातात. भाऊ कदम आणि प्रियदर्शन जाधव यांनी या भूमिका केल्या आहेत. त्यांना पाहून हसू येतेच, पण चित्रपटाचा खरा जीव पुढे आहे. ते ज्या गावात जातात, तिथे लोक सायकल ओळखतात. केशवची सायकल हातात आहे म्हणजे ही त्याचीच माणसे, असे धरून त्यांना घरात घेतात, जेवू घालतात, त्यांच्यावर विश्वास टाकतात. चोरांना मार खायची सवय असते, विश्वासाची नसते. ते गडबडून जातात. मिळालेला मान आपला नाही, हे त्यांना आतून टोचू लागते. त्यांच्यामागे ना पोलीस, ना हातात काठी घेतलेला जमाव. टोचणी लावतो तो समोर आलेला जेवणाचा घास. शेवट सांगत नाही, घरी पाहा.

हे सगळे पाहताना आपल्या घराघरांत सांगितली जाणारी हजरत अब्दुल कादिर जिलानी (रह.) यांच्या लहानपणची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. शिकायला बगदादला निघालेल्या मुलाच्या कपड्यात आईने चाळीस दिनार शिवून दिले आणि खोटे बोलणार नाहीस असे वचन घेतले. वाटेत काफिला लुटला गेला. तुझ्याजवळ काय आहे, असे दरोडेखोरांनी विचारल्यावर मुलाने चाळीस दिनार आहेत हे सरळ सांगून टाकले. त्या खरेपणापुढे सरदार रडला आणि त्याने तौबा केली. ही गोष्ट आपण मुलांना खरे बोलण्यासाठी सांगतो. दरोडेखोर बदलू शकतो हा तिचा दुसरा अर्धा भाग आपण मोठ्यांनी ऐकायचा असतो, तो मात्र राहून जातो.

चोरी हलकी आहे असे कुणी म्हणणार नाही. चोरीच्या बाबतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मोठ्या घराण्याचीही गय केली नाही. पण त्यांचीच दुसरी शिकवणही आहे. दारू पिऊन पुन्हा पुन्हा पकडल्या गेलेल्या माणसाला शिक्षा झाल्यावर कुणी शिव्याशाप देऊ लागले, तेव्हा त्यांनी अडवले आणि आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असे समजावले. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या अंगठ्याने दुसरे काय केले?

आणखी एका सायकलची गोष्ट जगभर गाजली. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ च्या इटालियन चित्रपटात रोममधल्या एका गरीब बापाची सायकल चोरीला जाते. तिच्याशिवाय नोकरी टिकणार नसते. दिवसभर शोधून हरलेला बाप शेवटी स्वतःच एक सायकल उचलतो आणि पकडला जातो. लोक त्याला मारतात आणि त्याचा लहान मुलगा रडत ते बघतो. त्या मुलाकडे पाहून सायकलचा मालक बापाला सोडून देतो.

आपला कायदाही आता थोडे असेच बोलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचे कलम ३०३ आहे. चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवेचे काम द्यायचे आहे. अठरा वर्षांखालील मुलांचे प्रकरण तर बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणजे त्या दिवशी मोबाइल उचलणारा चुकलाच, पण त्याचा चेहरा गावभर फिरवणारेही कायद्याच्या बाजूला नव्हते. पहिल्याला थपडा मिळाल्या, बाकीच्यांना कुणी विचारलेसुद्धा नाही.

त्या मुलाने पुढे दोन महिने शाळेचे तोंड पाहिले नाही. विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या एका चाचांनी त्याच्या अम्मीला निरोप धाडला, की शाळेत जाणार असेल तर संध्याकाळी माझ्याकडे काम शिकायला पाठवा. पहिल्याच आठवड्यात ते त्याला गल्ल्याजवळ बसवून असरला निघून गेले. लोकांनी त्यांना वेड्यात काढले. गल्ल्यातला पैसा आजवर इकडचा तिकडे झालेला नाही, असे चाचा सांगतात.

मागच्या महिन्यात मी मोटार आणायला गेलो होतो. मुलाने तांब्याच्या तारेची गुंडाळी उलगडून मला नीट समजावले, बिल लिहून दिले. माझ्या शेजारच्या गिऱ्हाइकाने तेवढ्यात काउंटरवरचा आपला मोबाइल उचलून खिशात टाकला. मुलाने ते पाहिले आणि मान खाली घालून पुन्हा तार गुंडाळू लागला. जुम्याला तो अजूनही दुसऱ्या मोहल्ल्यातल्या मशिदीत जातो.