रुपयामागे चार पै

कर्जत तालुक्यातल्या ज्या सर्वांत जुन्या विद्यार्थ्याचं नाव आजही वाचता येतं, तो बलक. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाला, एका भंगलेल्या मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरांत कोरलंय की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं. या गोष्टीला सुमारे दोन हजार वर्षं झाली. गुरूचं नाव आधी आणि मग स्वतःचं, ही रीत तेव्हाचीच! शेजारी विहार आहे. मधे मोठं दालन, कडेनं भिक्खूंच्या लहान खोल्या. राहायचं, शिकायचं, ध्यान करायचं, सगळं एकाच डोंगराच्या पोटात. आणि गंमत म्हणजे कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी घरं होती, म्हणून त्यांनी कातळातही तुळया आणि कमानी लाकडासारख्याच कोरल्या.

तिथून शाळेच्या इमारतीचा माग काढत निघालं, तर शतकानुशतकं काही सापडत नाही. शाळा होत्याच की, पण त्यांना इमारत नव्हती. पंतोजी देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या ओसरीवर बसत आणि पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवत. त्या काळी मास्तर बसेल ती शाळा होती. शिकवण्यासाठी वेगळं घर बांधावं, ही कल्पना आपल्या खेड्यांत फार उशिरा आली. आली ती पैशाच्या वाटेनं, आणि ती वाट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत नवलाची वाटते.

1863च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसायला लागली. हाच लोकल फंड. त्यातले दोन वाटे रस्ते आणि इतर कामांना, एक वाटा शाळांना. आण्याच्या बारा पै, म्हणजे शाळेच्या वाट्याला रुपयामागे चार पै आल्या. दहा रुपये सारा भरणाऱ्या भातशेतकऱ्याचे वर्षाला तीन आणे चार पै शिक्षणाला जात. त्याचं स्वतःचं पोर गुरांमागे असो की शाळेत, पट्टी चुकत नव्हती. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, कुलाबा जिल्ह्यात आलं ते 1891 साली. खालापूर हा तेव्हा कर्जतचाच पेटा, म्हणजे पोटविभाग. बोरघाट पोखरून रेल्वे पलीकडे गेली तीही 1863 सालीच. त्या बोगद्यांवर ग्रंथ लिहिले गेले. चार पैंवर फारसं कुणी लिहिलं नाही.

कोकणातली कुठलीही जुनी कौलारू शाळा थोडं थांबून पाहिली, तर ती आपलं वय सांगते. जोतं उंच असतं आणि छपराला उतार भरपूर, कारण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. छपरावर अर्धगोल नळीची कौलं असतील तर ती जुनी, गावच्या कुंभारानं घडवलेली रीत. चपटी, एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौलं असतील तर ती नंतरची, कारण बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली. कौल उलटं करून बघा, कारखान्याचं नाव उठवलेलं सापडेल. दारावर ‘जीवन शिक्षण मंदिर’ असं नाव असेल, तर गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणाचं वारं तिथवर पोचलं होतं असं खुशाल समजावं. नाव जिल्हा परिषदेचं असलं, तर 1962 नंतरचा रंग चढलेला आहे, भिंती कदाचित त्याआधीच्या असतील.

आणि पडवी. आपण म्हणतो पावसासाठी. पावसासाठी खरीच, पण 1890च्या दशकात दापोलीत निवृत्त महार शिपायांनी आमची मुलं म्युनिसिपल शाळेत घ्या म्हणून अर्ज केले, तेव्हा मुलं घेतली गेली आणि बसवली पडवीत. एकच शाळा, तेच गुरुजी, मधे उंबरठा. हे कळल्यापासून मी कुठलीच पडवी नुसती कौतुकानं पाहू शकत नाही.

विसाव्या शतकात याच मुलखात इमारतीशिवाय शाळा काढणारा एक माणूस झाला. माथेरानचे भाई कोतवाल, 1912चा जन्म, शिक्षणानं वकील. त्यांनी माथेरानच्या आसपासच्या वाड्यापाड्यांत चाळीसच्या घरात स्वयंसेवी शाळा उघडल्या. 1942 साली त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटानं विजेच्या तारा वाहणारे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943ला सिद्धगडाच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मनोरे पाडणारे कोतवाल सर्वांना ठाऊक असतात, शाळा काढणारे कमी जणांना. मला शाळांचं काम अधिक अवघड वाटतं.

खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावर, 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते आणि 57 जण बेपत्ता होते. त्या रात्री वाडीतली काही पोरं शाळेत मोबाइलवर खेळत बसली होती, म्हणून वाचली. त्यांनीच आरडाओरड करून इतरांना सावध केलं. वाडीतली आणखी कितीतरी मुलं खाली आश्रमशाळेत मुक्कामाला होती, तीही त्यामुळेच वाचली. शाळेची इमारत आणखी कशाला असते, याचं उत्तर कुठल्याच बांधकाम आराखड्यात लिहिलेलं नसतं.

जुन्या शाळेचं कपाटही इमारतीइतकंच मोलाचं. 2023 साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सरकारी माणसं शाळांची जुनी जनरल रजिस्टरं चाळत होती. एका ओळीत मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, कुठून आला, का सोडून गेला. तेव्हा तुमच्या गावची कौलारू शाळा पाडून स्लॅबची बांधायची ठरली, तर जरूर बांधा, मुलांना गळकं छप्पर नको. पण पाडण्याआधी कौलांचे, तुळयांचे, कोनशिलेचे फोटो काढा, आणि रजिस्टरं कोरड्या जागी हलवून त्यांच्या प्रती करून ठेवा.